डोळ्यांचेही पथ्य असावे

ताटात शिळे अन्न आले तर आपण ते लगेच बाजूला सारतो. परंतु डोळ्यांवाटे मनात काय उतरते आहे, याचा विचार किती घरांत होतो? अन्नाचा परिणाम दोन दिवसांत कळतो, दृश्यांचा परिणाम मात्र स्वभावात मुरल्यावरच लक्षात येतो. म्हणून कोणता चित्रपट पाहावा आणि कोणता टाळावा, हा केवळ करमणुकीचा प्रश्न नाही.

जबलपूरच्या ओमती भागात आमच्या शेजारी एक ख्रिस्ती कुटुंब राहते. मूळचे नगरकडचे, घरात मराठीच बोलतात. चर्चमध्ये दाखवता येणार नाही असा चित्रपट घरात लावायचा नाही, असा काकांचा नियम होता. नियम स्वच्छ होता. पण दहावीतली मुलगी मना केलेला चित्रपट मैत्रिणीच्या मोबाइलवर पाहून आली आणि अभ्यासाला गेले होते असे सांगून मोकळी झाली. गोष्ट उघडकीस आल्यावर काकू म्हणाल्या, “सिनेमा दोन तासांत संपला रे, पण खोटं घरात राहिलं.”

मनाई केल्याने वस्तू दूर जाते, तिची ओढ जात नाही. हा अनुभव मराठी ख्रिस्ती समाजाला नवा नाही. चारशे वर्षांपूर्वी गोव्यात नव्याने ख्रिस्ती झालेल्या लोकांना जुनी पुराणे ऐकण्यास बंदी होती. तेव्हा एकाने पाद्रींना विचारले की जुने काढून घेतले, तर त्या जागी आम्हाला नवे का देत नाही? हा प्रसंग फादर थॉमस स्टीफन्स यांनी आपल्या ग्रंथातच सांगितला आहे. त्यांनी प्रश्नकर्त्याला दटावले नाही. त्यांनी मराठी ओव्यांत ‘क्रिस्तपुराण’ रचले आणि १६१६ मध्ये ते गोव्यातील रायतूर येथे छापले गेले. रिकामी झालेली जागा भरावी लागते, हे त्यांनी ओळखले.

आता दुसरे उदाहरण पाहा. १९१०-११ च्या सुमारास दादासाहेब फाळके यांनी मुंबईत येशूच्या जीवनावरील मूकपट पाहिला. पत्नी सरस्वतीबाईंनाही त्यांनी तो दाखवला. पडद्यावर ख्रिस्त दिसत असताना त्यांच्या मनासमोर राम आणि कृष्ण उभे राहिले आणि १९१३ मध्ये ‘राजा हरिश्चंद्र’ आला. परक्या धर्माचे चित्र पाहून त्यांची श्रद्धा डळमळली नाही, उलट तिला काम मिळाले. कारण ते जागे राहून पाहत होते.

याउलट २००६ मध्ये ‘द दा विंची कोड’वर गोवा सरकारने बंदी घातली. सेन्सॉर बोर्डाने तो प्रौढांसाठी प्रमाणित केला होता आणि कथा काल्पनिक आहे अशी सूचनाही जोडायला लावली होती. भावना दुखावल्या हे खरे. पण घरातल्या मुलाने “येशूबद्दल हे खरं आहे का?” असे विचारले, तर त्याचे उत्तर बंदीचा आदेश देत नाही. ते आईवडिलांनाच द्यावे लागते.

मग सगळेच पाहावे काय? नाही. संत पौलाने करिंथकरांना लिहिलेल्या पत्रात मूर्तीला वाहिलेल्या मांसाचा प्रश्न हाताळला आहे. ज्याचे मन स्थिर आहे त्याला ते खाण्यात दोष नाही, तरीही आपल्यामुळे दुर्बळ मनाचा भाऊ अडखळत असेल तर त्याने ते सोडावे, असा त्याचा आशय आहे. आपल्याला काही होत नाही म्हणून हिंसक दृश्ये पाहणाऱ्या वडिलांनी शेजारी आठ वर्षांचा मुलगा बसला आहे, हे विसरू नये.

प्रमाणपत्राची मदत जरूर घ्यावी. २०२४ पासून ‘यूए’ वर्गाचे ७+, १३+ आणि १६+ असे तीन भाग झाले आहेत. परंतु प्रमाणपत्र वय सांगते, संस्कार सांगत नाही. एखादा ‘यू’ चित्रपट काळ्या रंगाला आणि गरिबीला हसायला शिकवतो, तर एखादा कठोर चित्रपट खुन्याच्या पश्चात्तापाने आपल्याला रडवतो. यांतला अशुद्ध कोणता?

मी वाणिज्य शाखेचा विद्यार्थी आहे. दिवसाच्या शेवटी हिशेब जुळवावा, ही सवय तेथे लागते. चित्रपट संपल्यावरही तसेच विचारावे: मनात काय जमा झाले? कोणाविषयी करुणा वाढली की तिरस्कार वाढला? हे मी आईसमोर बसून पाहू शकलो असतो का?

आता त्या घरात शनिवारी सर्वजण मिळून चित्रपट निवडतात आणि संपल्यावर चहा घेत बोलतात. निवड नेहमी बरोबर येते असे नाही. पण नियम काकांनाही लागू आहे, आणि मध्येच बंद झालेला पहिला चित्रपट त्यांच्याच आवडीचा होता. मुलीने तो बंद करायला सांगितला आणि त्यांनी केला. त्या दिवसापासून मुलगी कुठे जाते ते खरे सांगते.

वाचकहो, मुलांच्या डोळ्यांना पथ्य लावण्यापूर्वी ते स्वतःच्या डोळ्यांना लावून पाहू या. आज रात्री घरात पडदा उजळेल, तेव्हा निदान एकदा शेजारी बसलेल्याच्या चेहऱ्याकडे पाहावे.