जुना करार बाद होतो का?

मराठी बायबलमधले ‘जुना करार’ आणि ‘नवा करार’ हे शब्द माझ्यासारख्या सॉफ्टवेअरवाल्याला सहज फसवतात. नवी आवृत्ती आली की जुनी बंद, ही आमची रोजची सवय. इब्री लोकांस पत्रातही नव्या करारामुळे पहिला जुना ठरला, असं म्हटलं आहे. इसवी सन १४४च्या सुमारास रोमच्या मंडळीपासून फुटलेला मार्सियन तर त्याही पुढे गेला. त्याने यहुदी शास्त्र टाकून दिलं आणि त्यातला देव ख्रिस्ताच्या पित्याहून वेगळा ठरवला. चर्चने त्यालाच पाखंडी म्हटलं.

यामागचं नैतिक कारण मला महत्त्वाचं वाटतं. इस्राएलला दिलेलं वचन देव मागे घेऊ शकत असेल, तर ख्रिस्ती माणसाला दिलेल्या वचनाची काय शाश्वती? रोमकरांस पत्रात पौलाला हाच प्रश्न छळतो. त्याचं उत्तर जैतुनाच्या झाडाचं आहे: परराष्ट्रीय म्हणजे कलम केलेल्या रानटी फांद्या. मूळ त्यांना पोसतं, त्या मुळाला नव्हे.

मुळात ‘नवा करार’ हे शब्दच यिर्मया या यहुदी संदेष्ट्याचे. त्यात नियमशास्त्र रद्द होत नाही, ते हृदयावर लिहिलं जातं.

तरीही ख्रिस्ती युरोपने शतकानुशतकं यहुद्यांना ‘बाद’ मानलं आणि त्याची किंमत यहुद्यांनी मोजली. १९६५ साली व्हॅटिकनच्या ‘नोस्त्रा एताते’ने पौलाच्या त्याच झाडाची पुन्हा आठवण करून दिली. वारशात नंतर आलेल्याने पहिल्या वारसाला बेदखल केलं, तर त्याच्या स्वतःच्या हक्काला तरी काय आधार उरतो?