सहलीची वर्गणी आणि हिरवे गवत

उपवासकाळ संपून पुनरुत्थानाचा सण आला की आपल्या मंडळ्यांतून एक प्रश्न हटकून ऐकू येतो : "यंदा सहल कोठे?" येथे वडोदऱ्यास वसंत फार थोडे दिवस टिकतो. होळीच्या सुमारास पावागडच्या बाजूला पळस फुलतो. तो झडतो न झडतो तोच ऊन चटके देऊ लागते. म्हणून जे काही फिरावयाचे ते या थोड्या दिवसांत, सकाळच्या प्रहरी, अशी सर्वांची घाई असते. प्रश्न साधा आहे, आणि सहलीस जाणे यात गैर असे काहीच नाही. तथापि या साध्या प्रश्नाने मला काही वर्षांपूर्वी चांगलेच अडविले. ती हकीकत सांगितल्यावाचून पुढचा विचार नीट मांडता यावयाचा नाही.

सन २०२२ मध्ये मी आमच्या मंडळीच्या सहल समितीचा खजिनदार होतो. आमची मंडळी लहान आहे. नोकरीधंद्यानिमित्त महाराष्ट्रातून येथे येऊन राहिलेली मराठी घरे. त्या वर्षी शहराबाहेरच्या एका जलविहाराच्या ठिकाणी जावयाचे ठरले. बसभाडे, तिकीट, नाश्ता आणि जेवण मिळून माणशी सातशे रुपये वर्गणी निघाली. मी यादी केली, पैसे गोळा केले, पावत्या फाडल्या, आणि हिशेब पैचाही फरक न पडता जुळला म्हणून समाधान मानले. पाच माणसांचे एक कुटुंब तेवढे आले नाही. "धाकटीला ताप आहे," असे वडिलांनी आदल्या रात्री फोनवरून कळविले.

पुढच्या रविवारी उपासनेनंतर ती धाकटी मला पायरीवर भेटली. मी विचारले, "काय गं, बरं वाटतंय का आता?" ती म्हणाली, "काका, मला काहीच झालं नव्हतं. आम्ही त्या दिवशी कमाटीबागेत गेलो होतो." वडील मागेच उभे होते. त्यांनी मान खाली घातली. ते काही बोलले नाहीत आणि मीही काही बोललो नाही. पाच गुणिले सातशे हा गुणाकार मी यादी करतानाच केला होता. त्या घराला तो कसा वाटेल, हे मात्र माझ्या मनात आले नव्हते.

एका सज्जन माणसाला माझ्यामुळे खोटे बोलावे लागले. खोटे त्याच्या तोंडून निघाले खरे, पण त्याचा दोष कोणाच्या खात्यावर लिहावयाचा? माझ्या मते हा आपल्या सर्वांनाच विचारण्याजोगा नैतिक प्रश्न आहे. विसाव्याला आणि आनंदाला आपण किंमत लावली म्हणजे त्या किमतीबाहेर कोणी तरी राहतो. तो आपण होऊन बाहेर राहिला, असे म्हणून आपण मोकळे होऊ शकतो काय?

"फुकट ते पौष्टिक" असे आपण थट्टेने म्हणतो, परंतु मनातून फुकट गोष्टीला हलकेच समजतो. त्यानंतरच्या बैठकीत मी कमाटीबागेचे नाव सुचविले तेव्हा एक वडील बंधू म्हणाले, "ती काय सहल झाली? तेथे तर कोणीही जातो." त्यांच्या मनात काही वाईट नव्हते. पण ते वाक्य माझ्या कानांत राहिले. कोणीही जाऊ शकतो, हा त्या जागेचा उणेपणा की मोठेपणा?

कमाटीबाग, म्हणजे सयाजीबाग, १८७९ साली तयार झाली. नाशिक जिल्ह्यातल्या कवळाणे गावी जन्मलेले सयाजीराव महाराज तेव्हा अज्ञान होते. १८८१ साली त्यांच्या हाती राज्याचे पूर्ण अधिकार आले. तोपर्यंतचा कारभार दिवाण सर टी. माधवराव पाहत. विश्वामित्री नदीच्या काठची शंभर एकरांहून अधिक जमीन राजवाड्याच्या कुंपणात न घेता रयतेसाठी मोकळी ठेवली गेली. पुढे त्याच राज्यात १९०६ पासून सर्वत्र सक्तीचे व मोफत प्राथमिक शिक्षण सुरू झाले आणि १९१० नंतर गावोगाव मोफत वाचनालये निघाली. शाळा, ग्रंथ आणि बाग या तिन्ही गोष्टी सर्वांच्या, असा तो विचार होता. आजही पक्षी-प्राणी आणि वस्तुसंग्रहालय पाहावयास तिकीट लागते, परंतु झाडांखाली बसावयास, फुलांचे घड्याळ पाहावयास आणि मुलांना मनसोक्त पळू द्यावयास काही पडत नाही.

परंतु त्या बागेची खरी मोठी गोष्ट निराळीच आहे, आणि ती आपणां ख्रिस्ती लोकांना ऐकावयास कठीण आहे. बडोदे सरकारच्या शिष्यवृत्तीवर १९१३ साली अमेरिकेस शिकावयास गेलेले डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९१७ मध्ये नोकरीसाठी या शहरात आले. अस्पृश्य म्हणून त्यांस राहावयास कोणी जागा देईना. एका पारशी धर्मशाळेत ते पारशी नावाने उतरले. अकराव्या दिवशी हाती लाठ्या घेतलेले लोक आले आणि संध्याकाळपर्यंत जागा सोडावयास सांगून गेले. बाबासाहेबांचे शहरात दोन स्नेही होते, एक हिंदू आणि एक ख्रिस्ती. हिंदू स्नेह्याने आपली अडचण सांगितली. ख्रिस्ती स्नेही म्हणाला की, पत्नी उद्या यावयाची आहे, तिला विचारून सांगतो. ते घराणे मूळचे ब्राह्मण होते, आणि घरात जुना विटाळ अजून पाळला जात होता, असे बाबासाहेबांस मागाहून कळले. मुंबईची गाडी रात्री नऊला होती. मधले तास कोठे काढावयाचे? ते कमाटीबागेत येऊन बसले. आईवडिलांची आठवण येऊन मन भरून आले, असे त्यांनी आपल्या आठवणींत लिहून ठेवले आहे. बागेतील त्या जागेस आज संकल्पभूमी म्हणतात.

बंधुभगिनींनो, त्या दुपारी या शहरात बाप्तिस्मा घेतलेल्या माणसाचे घर बंद राहिले, आणि बाग मात्र उघडी होती. बागेने जात विचारली नाही, पैसे मागितले नाहीत, आणि "घरात विचारून सांगतो" असेही म्हटले नाही. मी हे लिहितो ते त्या स्नेह्याला दोष देण्यासाठी नव्हे. तोही बहुधा माझ्यासारखाच भला माणूस असेल. भल्या माणसाच्या हातूनही दार कसे बंद होते, एवढेच मला पाहावयाचे आहे. त्याने "नाही" म्हटले नाही. मीही त्या कुटुंबाला "येऊ नका" म्हटले नव्हते. त्याने उद्यावर लोटले, मी वर्गणी सांगितली. आंबेडकरांवर जो अन्याय झाला त्याच्याशी सहलीच्या वर्गणीची बरोबरी करता येणार नाही, हे मी जाणतो. पण दाराबाहेर उभे असलेल्या माणसाला आपण न बोलताही परत पाठवू शकतो, हे दोन्हीकडे सारखेच आहे.

आता पवित्र शास्त्राकडे वळू. मार्काच्या सहाव्या अध्यायात प्रभू येशू दमून आलेल्या शिष्यांना एकांत जागी थोडा विसावा घ्यावयास नेतो. म्हणजे विसाव्यासाठी बाहेर पडणे ही चैन नसून ती प्रभूनेच सांगितलेली गोष्ट आहे. पण तेथे लोकसमुदाय आधीच येऊन पोहोचला होता. मार्क सांगतो की लोक हिरव्या गवतावर बसले, आणि योहान सांगतो की वल्हांडण सण जवळ आला होता. गालीलात उन्हाळा लागला की डोंगर करपून पिवळे पडतात. गवत हिरवे असते ते वसंतातच. तेव्हा पाच हजारांचे ते जेवण म्हणजे उघड्या माळावरची वसंतातली एक पंगतच होती. तेथेही एक हिशेबनीस होता. फिलिप्पाने मनाशी आकडा मांडला की दोनशे दिनारांच्या भाकरी आणल्या तरी पुरणार नाहीत. एक दिनार म्हणजे मजुराची एका दिवसाची मजुरी. फिलिप्पाचा हिशेब बरोबर होता, माझाही होता. परंतु प्रभूने माणशी किती पडतील हे विचारले नाही. तुमच्याजवळ आहे काय, हे त्याने विचारले, आणि एका मुलाच्या शिदोरीपासून आरंभ केला. शेवटी उरलेले तुकडे वाया जाऊ नयेत म्हणून गोळा करवले. बारा टोपल्या भरल्या.

त्या शेवटच्या गोष्टीकडे आपले नेहमी दुर्लक्ष होते. जे विनामूल्य मिळाले तेही टाकून द्यावयाचे नाही, असा त्याचा अर्थ आहे. देवाची कृपा आपणांस फुकट मिळते, पण ती स्वस्त नाही. तिचे मोल वधस्तंभावर दिले गेले. बागेची गोष्ट अर्थातच त्याहून फार लहान आहे, पण तिलाही कोणी तरी मोल देतच असतो. माळी उन्हात पाणी घालतो, झाडूवाली पहाटे येते, आणि शहरातला गरीबही आपल्या कराचा वाटा भरतो. २०२४ च्या ऑगस्टात विश्वामित्रीला मोठा पूर आला, तेव्हा ओसरलेल्या पाण्यानंतरचा गाळ काठाकाठावरून कोणी तरी उपसलाच. म्हणून "फुकट आहे" असे म्हणून कागदी ताटल्या टाकून येणारा आणि "फुकट आहे" म्हणून नाक मुरडणारा, दोघेही एकच चूक करतात. देणाऱ्याचा हात दोघांनाही दिसत नाही.

२०२३ साली ईस्टर ९ एप्रिलला होता. त्या आठवड्यातच, १४ एप्रिलला, आंबेडकर जयंतीची सुट्टी आली. आम्ही सकाळी साडेसहाला कमाटीबागेत जमलो. वर्गणी नव्हती, प्रत्येकाने घरून डबा आणावा, एवढेच ठरले होते. ते कुटुंब आले. गंमत अशी की त्यांची मुले नेहमी तेथे येणारी असल्यामुळे बागेचा कानाकोपरा त्यांना ठाऊक होता. कोणत्या झाडावर पोपट बसतात, सावली कोठे उशिरापर्यंत राहते, नदी कोठून दिसते, हे सर्व तीच इतर मुलांना दाखवीत होती. पुलावरून मगर दिसेल या आशेने ती सारी पलटण कितीतरी वेळ उभी राहिली. लोक हार घेऊन संकल्पभूमीकडे जात होते. तरुणांना मी १९१७ ची हकीकत तेव्हा सांगितली. कोणी काही बोलले नाही, पण नंतर चार-पाच जण तिकडे जाऊन आले.

घरी परतताना मी पत्नीला म्हणालो, "पाहा, एक पैसा न लागता सहल झाली." ती म्हणाली, "तुमची झाली. मी साडेतीनला उठून पुऱ्या लाटल्यात." मी गप्प झालो. माझ्या हिशेबात पुन्हा एक रकाना राहून गेला होता. रुपयांची वर्गणी काढून टाकली आणि ती बायकांच्या झोपेतून वसूल केली, तर त्यात न्याय तो कोणता? तेव्हापासून आमचा नियम असा आहे की चूल पेटवावयाची नाही. चुरमुरे, शेव, टेटी, केळी एवढेच न्यावयाचे, आणि चिरणे, वाढणे, उचलणे हे पुरुषांनी करावयाचे.

आणखी एक गोष्ट सांगितली पाहिजे. कमी खर्च हा सद्गुण असला तरी तो सर्वांत वरचा नव्हे. जानेवारी २०२४ मध्ये याच शहरात हरणी तलावावर शाळेच्या सहलीची नाव उलटून बारा मुले आणि दोन शिक्षिका मरण पावल्या. नावेत माणसे जास्त होती आणि अनेकांच्या अंगावर जीवरक्षक जाकीट नव्हते. ज्या ठिकाणी काटकसर म्हणजे जिवाशी खेळ, त्या ठिकाणी ती पापच होय. महीच्या काठी किंवा चांदोदला नर्मदेच्या घाटावर मुलांना घेऊन बसणे फार सुखाचे आहे. पण पाण्यात उतरू न देणारे दोन मोठे डोळे तेथे पाहिजेत. पावागडच्या पायऱ्या चढावयास तिकीट नाही. पण म्हाताऱ्यांना उडनखटोल्यात बसवावयाचे असेल तर त्यांचे भाडे मंडळीने मुकाट्याने भरावे.

ज्यांच्यापाशी आहे त्यांनी आपल्या कुटुंबास माथेरानला न्यावे, महाबळेश्वरला न्यावे. त्यात पाप नाही, आणि त्याबद्दल कोणी त्यांना टोचूही नये. पण मंडळी म्हणून जेव्हा आपण निघतो, तेव्हा प्रथम ठिकाण ठरवून मग कोण येऊ शकेल हे पाहू नये. प्रथम सर्वांची नावे लिहावीत, त्यांत ज्याला सर्वांत कमी झेपेल त्याचे नाव वर ठेवावे, आणि मग ठिकाण शोधावे. असे केले तर बहुधा आपण एखाद्या झाडाखालीच जाऊन पोहोचू, आणि तेथे हिरवे गवत असेल.

ती धाकटी आता मोठी झाली आहे. यंदा सहलीची यादी करण्याचे काम तिने मागून घेतले. तिच्या वहीत नावे आहेत; पैशांचा रकाना तिने आखलेलाच नाही.