भेद आणि समता

मनुष्यमात्र एक आहे, हें तत्त्व सुशिक्षितांच्या सभेंत आतां सहसा कोणी नाकारीत नाहीं. परंतु तेवढ्यावरून माणसामाणसांतील भेदांकडे डोळेझांक करणें हेंच समतेचें लक्षण, असें मानावयाचें काय? वैद्यकांतील एका उदाहरणावरून हा प्रश्न आम्हांस विचारार्ह वाटतो.

रक्ताच्या कर्करोगानें पछाडलेल्या कित्येक रोग्यांस दुसऱ्याची अस्थिमज्जा हाच तरणोपाय उरतो. पण ती वाटेल त्याची चालत नाहीं. आपलें कोणतें व परकें कोणतें हें ओळखण्यास शरीराला साह्य करणारीं 'एचएलए' नांवाचीं जनुकें दाता व रोगी यांच्यांत जुळावीं लागतात. सख्ख्या भावंडाशीं तीं पूर्ण जुळण्याचा संभव चारांत एक. तेथें निराशा झाली म्हणजे परक्या दात्यांच्या नोंदवहीकडे धांव घ्यावयाची. अमेरिकेंतील राष्ट्रीय नोंदवहीचा हिशेब इ. स. २०१४ मध्यें प्रसिद्ध झाला. युरोपीय वंशाच्या गोऱ्या रोग्यास उत्तम जुळणारा दाता मिळण्याचा संभव त्यांत शेंकडा ७५ निघाला. कृष्णवर्णीयास शेंकडा १६ ते १९. आफ्रिकी वंशांत या जनुकांचे प्रकार फार, आणि वहींत त्या लोकांचीं नांवें थोडीं, हीं याचीं दोन मुख्य कारणें. वहीचें दार सर्वांस सारखेंच उघडें होतें. तरी एकास तेथें आशा मिळाली व दुसऱ्यास निराशा.

कोणी म्हणेल, भेद मान्य केला कीं उच्चनीचता आलीच. आम्हांस तसें वाटत नाहीं. पूर्वजांनीं ज्या रोगांशीं झुंज दिली, त्यांच्या खुणा या भेदांत बऱ्याच अंशीं उमटल्या आहेत. पश्चिम आफ्रिकेंतील गॅंबियांत यांपैकीं एक प्रकार मुलांस उग्र हिवतापापासून संरक्षण देतो, असें १९९१ सालीं दिसून आलें. जेथें हिवताप नाहीं तेथें त्या गुणाची मातबरी ती काय? शिवाय लेवॉन्टिन यांनीं १९७२ सालीं दाखविलें कीं, मानवांतील एकंदर आनुवंशिक वैचित्र्यापैकीं सुमारें शेंकडा ८५ एकेका समाजाच्या पोटांतच असतें. मग वंशाभिमानास आधार कोठला?

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. दात्यास त्याचा वंश विचारणें म्हणजे जुनी जखम उघडणें नव्हे काय? १९४२ पासून १९५० पर्यंत अमेरिकन रेड क्रॉसनें गोऱ्यांचें व काळ्यांचें रक्त निराळें ठेविलें; त्यास शास्त्राचा कांहींच आधार नव्हता. ज्यांनीं हें सोसलें त्यांनीं अशा प्रश्नास बिचकावें, यांत नवल नाहीं. परंतु तेव्हां तो माणसास दूर सारण्याकरितां विचारला गेला. आज तो त्याचा जीव वांचविण्याकरितां विचारला जातो. शब्द तेच राहिले, हेतु पालटला, आणि हेतूबरोबर कृत्याची नीतिही पालटली.

घरांतील आजारी मुलास निराळें पथ्याचें वाढणाऱ्या मातेस आपण पक्षपाती म्हणत नाहीं. ज्यांचे दाते थोडे, त्यांच्याकरितां अधिक श्रम व अधिक द्रव्य वेंचणें हें समाजाचेंही तसेंच कर्तव्य होय, असें आमचें मत आहे.