सीमेवरच्या गावाला जाताना

उज्जैनच्या माधव नगर, फ्रीगंज भागात उन्हाळ्याच्या सुट्टीत लडाखचे बेत ठरतात. कोटा-जयपूरवरून चंदीगड, मनालीपुढे अटल बोगदा, मग लेह, खारदुंग ला आणि नुब्रा. तिथून श्योक नदीच्या काठाकाठाने रस्ता तुर्तुकला पोहोचतो. राखी रंगाच्या उघड्या डोंगरांत एकाएकी जर्दाळूच्या बागा आणि कुट्टूची हिरवी शेतं दिसू लागतात. डोळ्यांचं पारणं फिटतं. पण एवढ्या लांब जाऊन नुसता निसर्ग पाहून परतणं मला अपुरं वाटतं.

तुर्तुक १९७१पर्यंत पाकिस्तानच्या ताब्यात होतं. त्या वर्षी डिसेंबरातल्या युद्धात मेजर चेवांग रिंचेन यांच्या नेतृत्वाखालील जवानांनी हा भाग जिंकला. त्या कामगिरीबद्दल रिंचेन यांना दुसऱ्यांदा महावीर चक्र मिळालं. १९७२च्या सिमला करारानंतर नियंत्रण रेषा आखली गेली आणि तुर्तुक भारतातच राहिलं. पण शिक्षणासाठी, रोजगारासाठी बाल्टिस्तानात गेलेली इथली माणसं पलीकडे अडकली. घरं दुभंगली. गावाने आपली जागा सोडली नव्हती, देश बदलला होता.

राज्यकर्ते बदलणं म्हणजे काय, हे उज्जैनच्या मराठी माणसाला थोडंफार ठाऊक आहे. राणोजी शिंद्यांच्या काळात आमच्यातल्या कित्येकांचे पूर्वज माळव्यात आले. १८१०मध्ये दौलतराव शिंद्यांनी राजधानी ग्वाल्हेरला नेली, १९५६मध्ये मध्य भारत मध्य प्रदेशात विलीन झाला, तरी आमच्या घरांत मराठी टिकली. आम्हाला पुण्या-नाशिकच्या नातलगांकडे लग्नाकार्याला जाता आलं, मयतीला पोहोचता आलं. तुर्तुककरांच्या वाट्याला एवढंही आलं नाही. म्हणूनच त्यांचं दुःख आम्हाला इतरांहून लवकर कळायला हवं.

२०१०मध्ये हे गाव पर्यटकांना खुलं झालं. पाहुण्यांमुळे तिथल्या घरांत चार पैसे येतात, ही चांगली गोष्ट आहे. मात्र गावातल्या एखाद्या वृद्धाला 'तिकडे बरं होतं की इकडे?' असं विचारण्याचा मोह आवरला पाहिजे. त्या प्रश्नात माणसाच्या निष्ठेची परीक्षा असते, आणि ती घेण्याचा अधिकार पाहुण्याला नसतो. पलीकडे राहिलेल्या भावाची आठवण काढणं म्हणजे देशाशी बेइमानी नव्हे. मायेची ओढ आणि देशावरची निष्ठा एकाच मनात सुखाने नांदू शकतात.

सीमेचं रक्षण सैनिक करतात. सीमेवरचं गाव जागतं ठेवतात ते तिथे शेती करणारे, मुलं वाढवणारे, बर्फाचा हिवाळा काढणारे लोक. तुर्तुकला जरूर जा. त्यांच्या घरी मुक्काम करा, बाल्टी जेवण जेवा, फोटो काढण्याआधी परवानगी घ्या, आणि ते आपणहून बोलू लागले तर मध्ये न बोलता ऐका.