बासरी चढली होती (गीता 17.15)

आजचा श्लोक वाणीच्या तपाचा. बोलणं कुणाला उद्विग्न न करणारं, सत्य, प्रिय आणि हिताचं असावं, असं भगवान सांगतात. इथे मी नेहमी अडायचो. सत्य आहे ना, मग बाकीच्या अटी कशाला? सत्यावर साखर पेरल्यासारखं वाटायचं. गोपुरीच्या गीताई मंदिरात विनोबांची गीताई दगडांवर कोरलेली आहे, तिथे फिरतानाही हाच प्रश्न डोक्यात असायचा.

मग गेल्या वर्षीची रामनवमी. आमचं गाव सेलू तालुक्यात. माझे मोठे बाबा भजनात बासरी वाजवतात, तीही स्वतः केलेली. आपल्याकडचा मानवेल बांबू जाड सालीचा, कधी कधी जवळजवळ भरीव. टोपल्यांना उत्तम, बासरीला नाही. त्यासाठी आसामकडचा पातळ सालीचा लागतो. तो नाही मिळाला तर मोठे बाबा अर्ध्या इंचाचा पीव्हीसी पाइप घेतात. (कान्हाला चालेल का, असं मी एकदा विचारलं होतं. हसले फक्त.) एका टोकाला बूच, तापवलेल्या सळईने भोकं, मग गोल कानस. भोक आधी मुद्दाम लहान ठेवायचं, कारण ते मोठं केलं की सूर चढतो. जास्त घासलं गेलं तर मेण लावून थोडं सावरता येतं, पण पहिल्यासारखं होत नाही.

भर दुपारी भजन चाललं होतं. बासरी पेटीशी लागत नव्हती. मी मोबाइलवर ट्यूनर लावला, काटा चांगलाच पुढे. भजन संपताच सगळ्यांसमोर स्क्रीन दाखवली, ‘मोठे बाबा, तुमची बासरी बेसूर आहे, हे बघा.’ ते म्हणाले, ‘दुपार हाय बाबू.’ मला वाटलं, थकलेत. त्यांनी बासरी फडक्यात गुंडाळली. त्यानंतर ते भजनाला येतात, टाळ घेतात. बासरी नाही.

या जानेवारीत नागपूरच्या फ्लॅटच्या बाल्कनीत मी त्यांच्याच पद्धतीने एक बासरी केली. सकाळची थंडी, ट्यूनरचा काटा बरोब्बर मध्ये. फार खूश झालो. एप्रिलच्या दुपारी तीच बासरी काढली तर काटा पुढे! भोकं तीच, कानसही लावलेली नाही.

गणित शाळेतलंच आहे. 15 अंशांना हवेत आवाजाचा वेग सेकंदाला साधारण 340 मीटर, 40 अंशांना 355 च्या आसपास. नळीची लांबी तेवढीच, म्हणजे सूर चार टक्क्यांनी वर. पेटीतल्या दोन शेजारच्या पट्ट्यांत अंतर असतं सहा टक्क्यांचं. फुंकर स्वतःची ऊब आणते, म्हणून प्रत्यक्षात फरक कमी पडतो, पण कानाला टोचतोच. पेटीचे पितळी सूर मात्र जवळपास जागेवर राहतात. ‘दुपार हाय’ म्हणजे हे सगळं होतं. आणि आणखी एक आठवलं. त्या दिवशी ते बासरी सारखी ओठांकडे वळवत होते. मला ती सवय वाटली. पण फुंकायचं भोक ओठाने जास्त झाकलं की सूर उतरतो. ते वाजवता वाजवता दुरुस्त करत होते, आणि मी मोजत होतो.

मी खोटं बोललो नव्हतो. काटा पुढे होताच. पण ‘यात हित काय?’ एवढं स्वतःला विचारलं असतं, तर पुढचा प्रश्न आपोआप आला असता, की यावर उपाय काय. मग कारण शोधावं लागलं असतं, त्यांनाच विचारावं लागलं असतं. म्हणून आता वाटतं, हित ही सत्यावरची साखर नाही. तो सत्याचा न तपासलेला भाग आहे. ऑफिसात कुणाच्या कोडवर ‘चूक’ लिहून मोकळं होताना मी हेच करतो.

याचा अर्थ गप्प बसावं, असा मी घेत नाही. भोकच चुकलं असतं तर सांगायलाच हवं होतं. एकट्याला, हातात मेण घेऊन.

शनिवारी गावी जातोय. माझी बासरी सोबत नेतोय, दुपारीच त्यांच्यासमोर वाजवणार आहे. ट्यूनर नाही लावणार. माफी कशी मागायची ते अजून सुचलेलं नाही.

उद्या सोळावा श्लोक, मनाच्या तपाचा. जय श्रीकृष्ण.