मशिदीचा अपराध कोणता?

युद्धांत एखादें शहर पडलें म्हणजे तेथील प्रार्थनास्थळही जेत्याचें होतें काय, हा प्रश्न आमच्या खेड्यांतील वाचकांस दूरचा वाटेल. परंतु मोगलांची राजधानी जी दिल्ली, तिची सन १८५७ ची हकीकत वाचली असतां तो आपल्या दाराशीं येतो. कारण तेथें जेते आपणांस ख्रिस्ती म्हणवीत होते.

शाहजहान बादशहाची जामा मशीद सन १६५६ त पुरी झाली. दोनशें वर्षांनीं, १८५७ च्या सप्टेंबरांत, इंग्रजी फौजेनें शहर घेतलें, रहिवाशांस वेशीबाहेर घालविलें आणि मशिदींत शीख शिपायांची छावणी केली. ती पाडावी किंवा तिचें चर्च करावें, असें कित्येक इंग्रज म्हणूं लागले. जॉन लॉरेन्स ह्यांनीं तें मानलें नाहीं, हें त्यांस भूषणास्पद आहे. तरी मुसलमानांस मशीद परत मिळण्यास १८६२ साल उजाडलें. फत्तेपुरी मशीद तर एका हिंदु सावकारास विकली गेली. ती १८७७ त सुटली. झीनतुल मसाजिद हिच्यांत पाव भाजण्याची भट्टी लागली, आणि अकबराबादी मशीद पाडून टाकण्यांत आली.

कोणी म्हणेल, त्या मशिदीचा बंडवाल्यांनीं किल्ला केला होता. हें अगदींच खोटें नव्हे. १४ सप्टेंबरच्या हल्ल्यांत इंग्रजांची एक तुकडी जामा मशिदीजवळ पोंचली आणि तिला मागें हटावें लागलें. शिवाय ११ मे रोजीं शहरांतील ख्रिस्ती लोकांची कत्तल झाली होती, हेंही आम्ही झांकून ठेवीत नाहीं. त्या दिवशीं मारले गेलेले डॉक्टर चमनलाल आणि लपून वांचलेले गणिती मास्तर रामचंद्र, ह्या दोघांचा बाप्तिस्मा १८५२ त एकाच दिवशीं झाला होता. सूड मागण्याचा हक्क कोणास असेल तर तो रामचंद्रांस होता.

परंतु जयानंतर त्यांच्या वांट्यास काय आलें? आपण ख्रिस्ती आहों असें सांगूनही, केवळ काळ्या कातडीमुळें, इंग्रज अंमलदारांनीं त्यांस मारलें. आणि त्यांस लष्करी अधिकाऱ्याकडे लेखी गाऱ्हाणें करावें लागलें. ज्या तरवारीनें मशीद घेतली तिला ख्रिस्ताचें मेंढरूंही ओळखतां आलें नाहीं! पेत्रास तरवार म्यानांत घालण्यास कां सांगितलें, तें येथें कळतें.

लढाई चालू असतां किल्ला बनलेली इमारत हातीं घेणें एक वेळ समजेल. परंतु तोफा थंड झाल्यावर पांच वर्षें, वीस वर्षें ती अडकवून ठेवणें ही लढाई नव्हे, शिक्षा होय; आणि ती भोगली कोणीं? ज्या म्हाताऱ्याकोताऱ्यांनीं बंदूक कधीं हातीं धरली नव्हती, त्यांनींही. खुनी मनुष्यास न्यायासनापुढें उभें करतां येतें. दगडचुन्यास काय विचारणार? मुसलमानांच्या मताशीं आमचा जो भेद आहे तो आहे. तो वादानें व प्रार्थनेनें चालवावयाचा, कुलुपानें नव्हे.

त्याच दिल्लींत सेंट जेम्स चर्चच्या घुमटावरील तांब्याचा गोळा व क्रूस गोळ्यांनीं चाळणी झाले होते. हें ऐकून आपल्या पोटांत कालवतें. मग शेजाऱ्याचें पोट निराळें कसें? त्या चर्चची दुरुस्ती झाली, आणि आजही तेथें उपासना होते. जामा मशिदींतही नमाज होतो. अकबराबादी मशीद मात्र पुन्हां उभी राहिली नाहीं.