देशाचार आणि सोबतचे मूल

परक्या देशात नव्याने राहू लागलेल्या कुटुंबाचा पहिला काळ ज्या कामांत जातो, त्या कामांना धर्मविचारात काही स्थान आहे की ती प्रपंचाची खटपट म्हणून बाजूला सारावीत, हा प्रश्न वरवर किरकोळ वाटतो. परंतु किराणा, पत्त्याची नोंदणी, बँक आणि दवाखाना यांच्या फेऱ्या लहान मुलांना बरोबर घेऊन कराव्या लागतात, तेव्हा त्याला वेगळेच वजन येते, कारण मूल प्रत्येक नियमाचे कारण विचारते आणि पालकाला ते ठाऊक असतेच असे नाही.

या प्रश्नाच्या विचारात देशाचार, म्हणजे एखाद्या प्रदेशातील लोकांनी परंपरेने पाळलेली वागण्याची रीत, ही संकल्पना उपयोगी पडते. वेदाशी विरोध नसेल तर देश, जाती आणि कुल यांचे धर्म प्रमाण मानावेत, असे गौतमधर्मसूत्र सांगते. मात्र तेथे संदर्भ राजाने करावयाच्या न्यायदानाचा आहे. बाहेरून येऊन राहिलेल्या माणसाने तेथील आचार दंडाच्या भयाने पाळावा की कर्तव्य म्हणून, हे त्या वचनातून आपोआप निघत नाही.

जर्मनीच्या उदाहरणाने हा भेद स्पष्ट होतो. पुण्या-मुंबईहून नोकरीनिमित्त स्टुटगार्टला किंवा म्युनिकला गेलेल्या कुटुंबाला नव्या घरात राहायला गेल्यापासून दोन आठवड्यांत, घरमालकाचे लेखी पत्र जोडून, नगर कार्यालयात पत्त्याची नोंद करावी लागते. हा शुद्ध व्यवहार झाला, आणि त्यात धर्म शोधण्याचे कारण नाही. रविवारची गोष्ट मात्र निराळी आहे. त्या दिवशी रेल्वे स्थानके, पेट्रोल पंप आणि काही तास उघडणाऱ्या बेकऱ्या असे अपवाद सोडले तर दुकाने बंद असतात, आणि शनिवारी दूध आणायचे राहिले तर घरात मूल असलेल्या कुटुंबाची चांगलीच तारांबळ उडते. या बंदीमागे 1919 च्या वायमार राज्यघटनेतील एक कलम आहे, जे 1949 च्या मूलभूत कायद्याने, म्हणजे आजच्या जर्मन राज्यघटनेने, जसेच्या तसे स्वीकारले. रविवार आणि राज्याने मान्य केलेले सण हे विश्रांतीचे व मनाच्या उन्नतीचे दिवस म्हणून त्यात संरक्षिलेले आहेत. हिंदू कुटुंबाला ही ख्रिस्ती प्रथेची सक्ती वाटू शकते. परंतु नाताळपूर्वीच्या रविवारी दुकाने उघडण्याच्या बर्लिनमधील मुभेविरुद्ध चर्चसंस्थांनी दाद मागितली, तेव्हा 2009 मध्ये तेथील संघीय घटना न्यायालयाने या दिवसाचा धार्मिक अर्थ मान्य करतानाच विश्रांती, कुटुंबजीवन आणि लोकांचे एकत्र येणे हे त्याचे ऐहिक हेतूही पुढे मांडले. दुकानात गल्ल्यावर बसणारी बाईही कोणाची तरी आई असते, आणि तिचा रविवार तिच्या मुलांचाही असतो, हे मुलाला सांगता येते. असे सांगता आले की त्या क्षणी नियम परका राहत नाही.

येथे गीतेच्या तिसऱ्या अध्यायातील लोकसंग्रह ही कल्पना आठवावी. शंकराचार्य तिचा अर्थ लोकांना आडमार्गाला जाण्यापासून परावृत्त करणे असा लावतात. थोर माणसाने कर्म करावे ते स्वतःच्या गरजेपोटीच नव्हे, तर इतर त्याच्याकडे पाहून वागतात म्हणून. रस्ता मोकळा असतानाही लाल दिव्यापाशी थांबावे, कारण शेजारी मूल उभे आहे, हा संस्कार जर्मन समाजात इतका रुजलेला आहे की मुलांसाठी हिरव्या दिव्यावरच रस्ता ओलांडण्याची आठवण करून देणाऱ्या सूचना तेथे सिग्नलवर आढळतात. नवागत पालक भाषेने आणि पैशाने कितीही दुबळा असो, मुलाच्या दृष्टीने तो श्रेष्ठच असतो, आणि त्यामुळे त्याचे साधे थांबणेही लोकसंग्रहाच्या कक्षेत येते, असे मानण्यास कोणतीच हरकत नसावी.

परंतु हे नाते फार काळ एकाच दिशेने चालत नाही. बालवाडीत जाणारे मूल पुष्कळदा आईवडिलांच्या आधी तेथील भाषा बोलू लागते, आणि मग दुकानात किंवा कार्यालयाच्या खिडकीपाशी मोठ्यांचा प्रश्न लहानांच्या तोंडून विचारला जातो. तत्त्वज्ञ कांटने 1785 च्या आपल्या नीतिग्रंथात माणसाला केवळ साधन म्हणून न वापरता नेहमी साध्य म्हणूनही वागवावे, असा दंडक घातला. या दंडकाने पाहिले तर पावाची मागणी मुलाने सांगण्यात दोष नाही, उलट त्यात त्याचा आनंद आणि वाढ दोन्ही आहेत. आईच्या आजाराचे निदान किंवा थकलेल्या भाड्याची ताकीद मात्र त्याच्याकडून वदवून घेणे म्हणजे जी चिंता पेलण्याचे त्याचे वय नाही, ती त्याच्यावर लादणे होय. आणि आईवडिलांना दुखवू नये म्हणून ते मूल अर्धे सत्य गिळून टाकील, हा धोका वेगळाच. अमेरिकेत 2016 च्या आरोग्यविषयक नियमांनी तातडीचा प्रसंग वगळता अल्पवयीन मुलांवर दुभाषाचे काम सोपवण्यास दवाखान्यांना मनाई केली, ती योग्यच होती.

पालकाचे पालकपण भाषा येण्यावर अवलंबून नसते, जबाबदारी घेण्यावर असते. म्हणून परदेशी निघालेल्या मराठी कुटुंबांनी दवाखान्याच्या आणि कायद्याच्या कामांसाठी प्रौढ दुभाषा आधीच ठरवून ठेवावा, आणि तो मिळत नसेल तर भेटीची तारीख पुढे ढकलावी, पण ते बोलणे मुलावर सोपवू नये.